जीप काऊन थांबली नाई?

१

हिरकोटोल्याच्या उतारावर त्या सकाळी ग्रामसभेची जीप थांबली नाही.

उतार जिथे संपतो तिथे एका अंगाला नाला आहे आणि दुसऱ्या अंगाला तोडून रचलेल्या बांबूच्या थप्प्या. मधे दोन शेळ्या आल्या. जीप चालवणाऱ्या इसरू आत्रामने ब्रेक मारला आणि जीप तशीच पुढे जात राहिली. इसरूने सगळं बळ लावून गाडी बांबूकडे ओढली. थप्पी कडाडून कोसळली, बंपर वाकला, एक दिवा फुटला. मागच्या सीटवर सुकरी बसली होती, सात महिन्यांची गरोदर. तिच्या कोपराला खरचटलं, बाकी काही झालं नाही. शेळ्याही वाचल्या.

वाचला नाही तो इसरू. आदल्या दिवशी गावात लग्न होतं, मोहाची दारू होती. त्यात म्हातारा कोलू लंगडत आला, जीपमध्ये बसला, ब्रेक दाबून पाहिला आणि उतरून सगळ्यांसमोर म्हणाला, "बिरेक तं दगडासारखा आहे. गाडीले काही नाई झालं. चालवणाऱ्यालेच झालं असन."

झालं. इसरूने चार वर्षांपूर्वी याच लोकांसमोर दारू सोडायचं कबूल केलं होतं. आता त्याच्या तोंडाचा वास घ्यायला माणसं पुढे आली.

ही सगळी हकिकत दोन दिवसांनी अहेरीत नंदिनी रामटेकेच्या गॅरेजमध्ये बाकड्यावर बसून लालसू सांगत होता. लालसू हिरकोटोल्याच्या ग्रामसभेचा अध्यक्ष. नंदिनी ऐकता ऐकता एका मोटारसायकलची साखळी घासत होती. अहेरीत गाडी दुरुस्त करणारी बाई ती एकटीच, आणि तिने "गाडी ठीक आहे" म्हटलं की लोक पुढे कोणाला विचारत नसत.

"इसरू काय म्हणते?" तिने विचारलं.

"म्हणते, पाय मारला अन् पाय खाली गेला. दुसरं काही बोलतच नाई." लालसूने गमछ्याने मान पुसली. "परवा सभा आहे बाई. लोक म्हणून राह्यले, चाबी काढून घ्या. त्याच्या हातची चाबी गेली तं हरकत नाई, पण तो खोटा ठरला तं तो गावात राह्यत नाई. मी त्याले लहानपणापासून पाह्यतो."

"अन् तो खोटाच असन तं?"

लालसूने गमछा खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "तं तसं सांग. पण येऊन पाह्य."

नंदिनीने साखळी खाली ठेवली आणि हत्यारांची पेटी मोटारसायकलला बांधायला घेतली.

२

जीप गोटुलासमोर, गावाच्या सभाघरासमोर, उभी होती. इसरू तिच्या सावलीत बसला होता. अपघातापासून तो तिथून हलला नव्हता. बायको मंगली तिथेच त्याला जेवण आणून देत होती.

नंदिनी कोणाशी फार बोलली नाही. तिने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलचा डबा पाहिला. ऑइल खुणेपर्यंत भरलेलं होतं. खाली वाकून चारी चाकांच्या आतल्या बाजूंनी बोट फिरवलं. ओल नाही. म्हणजे ऑइल कुठून गळत नव्हतं.

मग ती सीटवर बसली आणि पेडलवर पाय ठेवला.

पहिल्या खेपेला पाय चिखलात रुतावा तसा खाली गेला. दुसऱ्या खेपेला पेडल वर आलं. तिसऱ्या खेपेला दगड. तिने पाय तसाच दाबून धरला आणि मनात शंभर मोजले. पेडल जागचं हललं नाही. ते हळूहळू बसलं असतं तर ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर आतून खराब झाला, असं ठरलं असतं. तेही नव्हतं.

"कोलूदादा," तिने हाक मारली, "तुमी त्या दिवशी किती खेप दाबला होता?"

कोलू जमलेल्या लोकांत सर्वांत पुढे होता. आठ वर्षं ही जीप त्याने चालवली होती. गुडघा गेला म्हणून चावी इसरूकडे आली, ही गोष्ट त्याला अजून पचली नव्हती. "चार-पाच खेप. एकामांगं एक दाबला."

"आता बसा. पण आधी तमाखू मळा. आरामात."

कोलूने तमाखू मळली, ओठाखाली धरली आणि गुडघा सांभाळत सीटवर चढला.

"आता एकच खेप मारा."

कोलूने पाय मारला. त्याचा चेहरा असा झाला की बघणाऱ्या बाया हसल्या. पाय तळाशी जाऊन टेकला होता.

"पाइपात हवा आहे," नंदिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ऑइल दाबलं जात नाई, हवा दाबली जाते. दोन-तीन खेप मारलं की पेडल वर येते अन् दगडासारखं लागते. जरा थांबलं की पुन्हा नरम. इसरूले शेळ्यांसमोर दुसरी खेप मारायले वेळ भेटला नाई."

इसरूने पहिल्यांदा मान वर केली. पण मागून कोणीतरी बोललंच. "आज हवा आहे. त्या दिवशी होती कशावरून? दोन दिवस तोच तं बसून आहे गाडीजवळ. वाचाले त्यानंच काही ढिलं केलं असन!"

लोकांत कुजबुज झाली. शंका बरोबर होती. हवा कधी शिरली हे हवा सांगत नाही.

ती इसरूजवळ जाऊन बसली. "तू नेहमी एकच खेप मारतो का दोनदा?"

"बारा-तेरा दिवसांपासून दोनदा. पुढची चाकं जाम होत होती. लालसूदादाले चंद्रपूरले दवाखान्यात नेलं होतं, तिकडूनच येतायेता काम करून घेतलं. मिस्तरीनं सांगतलं, रबर नवीन आहे, बसेपर्यंत दोनदा मारून घे. मी मारत होतो. त्या दिवशी शेळ्या आल्या अन् इसरलो."

"कोण मिस्तरी?"

"पोंभुर्ण्याचे. वामनराव मिस्तरी."

नंदिनीने ते नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं.

३

आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन नंदिनी बाहेर पडली तेव्हा चंद्रपूरपासून गोंडपिंपरीपर्यंत एकाही गॅरेजवाल्याने तिला उभं केलं नव्हतं. कोणी म्हणे पोरीची जात, कोणी नुसतं हसे, कोणी आडनाव विचारून "पुढच्या महिन्यात ये" म्हणे. वामनरावांनी नाव विचारलं नाही. एक जाम झालेला नट दाखवला आणि म्हणाले, "खोल." तो खोलायला तिला अख्खी दुपार लागली. संध्याकाळी वामनरावांच्या बायकोने, बायनाबाईने, तिच्या तळहातावरच्या फोडांना हळद लावली. पुढची सहा वर्षं ती त्यांच्याकडेच शिकली.

त्यांचा हात चुकला असेल? छे. पण आधी चाकं काय म्हणतात ते पाहायला हवं होतं.

तिने चारी चाकांकडे जाणारे रबरी पाइप चिंधी गुंडाळून पकडीने एकेक करून आवळले. मागचे आवळले, पेडलमध्ये फरक नाही. पुढचे दोन्ही आवळले आणि पेडल पहिल्याच खेपेला दगड झालं. हवा पुढच्या चाकांत होती, दोन्हीकडे.

तिने पुढचं चाक काढलं आणि बघत राहिली.

ब्रेकचा जबडा, ज्याला सगळे कॅलिपर म्हणतात, त्याला हवा काढायचा एक छोटा निप्पल असतो. हवा नेहमी वर जाते, म्हणून निप्पल वर असतो. हा निप्पल खाली होता. तिने दुसरं चाक काढलं. तिथेही खाली. उजवीकडचा कॅलिपर डावीकडे, डावीकडचा उजवीकडे. असे बसवले तर बसतात, ऑइल गळत नाही, गाडी चालते, ब्रेकही लागतो. फक्त वरच्या कोपऱ्यात हवा अडकून राहते आणि खालच्या निप्पलमधून किती का काढेना, निघत नाही.

वामनरावांनी तिला पहिल्याच महिन्यात हे सांगितलं होतं. तेव्हापासून हजार कॅलिपर बसवताना तिने निप्पल वर आहे ना, हे बोट लावून पाहिलं होतं. हे सांगणारा माणूस स्वतः उलटे कॅलिपर बसवील?

तर मग त्यांच्यानंतर कोणीतरी ते बदलले. मुद्दाम. कोलूने? जीपच्या खाली तो रोज घुसतो, हे मंगलीने मघाशीच सांगितलं होतं.

तेवढ्यात तिचं लक्ष पाइपाकडे गेलं. कॅलिपर उलटा बसल्यामुळे रबरी पाइप वाकडा झाला होता आणि चाकाला घासला असता. घासू नये म्हणून कोणीतरी तो ओढून बांधून टाकला होता. तारेने नाही, पट्टीने नाही. पळसाच्या मुळीच्या वाखाने.

वाखाची गाठ नीट, घट्ट, सवयीच्या हाताने मारलेली होती. ज्याने हे कॅलिपर चढवले त्यानेच ती मारली असणार, कारण दुसऱ्या कोणाला पाइप बांधायची गरजच नव्हती. आणि वामनराव काही झालं तरी गाडीत वाख बांधणार नाहीत. एकदा तिने सुतळी बांधली होती तर त्यांनी तिला दिवसभर पाना हातात धरू दिला नव्हता.

मग हा हात कोणाचा?

४

दिवस तेंदूच्या हंगामाचे होते. सकाळी जंगलातून विडीची पानं तोडून आणायची, घरी पुडे बांधायचे आणि दुपारी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागी, नेऊन मांडायचे, हेच चाललं होतं. पुडे वाखानेच बांधतात. म्हणजे हिरकोटोल्याचं लहान-मोठं प्रत्येक माणूस ही गाठ मारू शकत होतं.

नंदिनीने पाइपावरची गाठ न सोडता वाख बाजूने कापून काढला आणि कोलूच्या दारात गेली. तो खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होता.

"दादा, तुमी जीपच्या खाली काऊन जाता?"

कोलू चिडला. "तुले कोणं सांगतलं? त्या मंगलीनं?"

"सांगा ना."

"पुसाले." त्याने तोंड फिरवलं. "चिखल बसून राह्यला की लोखंड खाते. त्या पोट्ट्याले समजत नाई. वरून धुते, चमकवते, खाली पाह्यतच नाई. मी रोज सकाळी पुसतो." मग हळूच म्हणाला, "आठ वर्षं माही होती थे."

नंदिनीला त्याच्यावर रागवता येईना. तिने वाख त्याच्या हातात दिला. "हे तुमी बांधलं?"

कोलूने वाख उन्हात धरला. उलटापालटा केला. "नाई. मी नाई, अन् आमच्या गावात बी कोणी नाई."

"कशावरून?"

"चाल माह्यासंग."

तो तिला फळीवर घेऊन गेला. ओळीने पुडे मांडलेले होते. मंगली तिथे होती, तिचा चेहरा कोलूला पाहून कडक झाला. कोलूने तिच्याकडे न बघता एक पुडा उचलून नंदिनीसमोर धरला. "पाह्य. आमी वाख दोन फेरे फिरवतो अन् वरून गाठ मारतो. दुसरा पुडा पाह्य. तिसरा पाह्य. सारे दोन फेरे. हे तुह्यं एकच फेऱ्याचं आहे, अन् टोक आतमंदी खोचलं. असं नदीच्या पल्याड बांधतात. पोंभुर्ण्याकडचे लोक. मी तिकडं दोन हंगाम गेलो होतो."

"पोंभुर्ण्याकडचे?"

"हो."

नंदिनीने वाख परत घेतला. "दादा, एक खरं सांगा. हे वाख जीपले कधीपासून होतं? तुमी तं रोज पुसता."

कोलूला प्रश्नाचा रोख कळला. तो मंगलीकडे पाहून मग खाली पाहू लागला. त्याच्या एका शब्दाने इसरू सुटणार होता, ज्याला त्यानेच अडकवलं होतं.

"चंद्रपूरहून जीप आली त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून," तो शेवटी म्हणाला. "मी पाह्यलं होतं. म्हटलं, पोट्ट्यानं काही बांधलं असन." मग मंगलीला म्हणाला, "सभेत मी बोलतो. मले दगडासारखा लागला तं मी दगडासारखा म्हटलं. मी खोटं नाई बोललो वो. पण पुरं बी नाई बोललो."

मंगलीने त्याला बसायला पोतं सरकवून दिलं.

इसरू सुटला होता. पण नंदिनीने वाख जपून खिशात ठेवला. गाठ पोंभुर्ण्याची. काम पोंभुर्ण्याचं. आता दुसरीकडे पाहायला जागाच नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी आष्टी, गोंडपिंपरी करत ती पोंभुर्ण्याला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. वामनराव गॅरेजच्या दारात स्टुलावर बसले होते. मोटारसायकल बंद व्हायच्या आधीच ते हसले.

"नंदिनी! टायमिंग जरा मागं आहे तुह्या गाडीचं."

"तुमच्या कानातून काही सुटत नाई, काका."

"बस. बायना, चहा टाक. आपली पोरगी आली."

नंदिनी बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे मिस्तरी गाडीकडे बघतो तसं पाहू लागली. कप घेताना त्यांचा हात आधी हवेत थोडा फिरला आणि मग कपावर आला. भिंतीवर पाने क्रमाने टांगले होते, पूर्वी ते कसेही पडलेले असत. एक ट्रॅक्टरवाला बोल्ट घेऊन आला आणि "मिस्तरी, हा लावून द्या" म्हणाला. वामनरावांनी बोल्ट चिमटीत फिरवला. त्यांनी काही मागायच्या आत बायनाबाईने भिंतीवरून चौदा नंबरचा पाना काढून आणला. तिच्या नखांत काळं ऑइल होतं.

ट्रॅक्टरवाला गेला. नंदिनीने खिशातला वाख काढून वामनरावांपुढे धरला. ते त्याच्याकडे पाहत होते आणि पाहत नव्हते.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

बायनाबाईने हातातली बशी खाली ठेवली. "थे माही गाठ आहे," ती म्हणाली.

नंदिनीने हिरकोटोल्याचा उतार, शेळ्या, सुकरी, इसरू, सगळं सांगितलं. निप्पल खाली होते हे सांगताना तिचा आवाज आपोआप लहान झाला.

"काकू, तुमी त्या दिवशी कशा बसल्या होत्या?"

बायनाबाई उठली आणि दारात उभ्या असलेल्या एका गाडीच्या समोर, बंपरकडे तोंड करून उकिडवी बसली. "अशी. हे सीटवर होते. दोन्ही कॅलिपर ह्याहीनंच खोलून, हातानं चाचपून नवीन रबर बसवलं. मग एक-एक माह्या हाती दिला. म्हणले, हा डावा, हा उजवा. मी डावा इकडे लावला." तिने आपला डावा हात वर केला.

गाडीचा डावा-उजवा ड्रायव्हरच्या सीटवरून धरतात. बायनाबाई गाडीकडे तोंड करून बसली होती. तिचा डावा म्हणजे गाडीचा उजवा.

"पाइप वाकडा आला," ती सांगत राहिली, "म्हून वाखानं बांधला. मले वाटलं असाच असते. बाप्पा, त्या पोरीच्या पोटात लेकरू होतं!" तिने पदर तोंडाला लावला.

"किती दिवसांपासून, काका?" नंदिनीने विचारलं.

"दीड वर्ष. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आपरेशन म्हटलं की भावाची आठवण येते, त्याचा डोळा गेला तो गेलाच. अन् मिस्तरीले दिसत नाई म्हटलं की कोण गाडी आणन?" वामनराव शांतपणे बोलत होते. "ही म्हणली, तुमी सांगा, मी करते. तिनं एकही काम बिघडवलं नाई दीड वर्षात. हे बी तिचं नाई बिघडलं. बोलणारा मी होतो."

"मी सभेत सांगते," नंदिनी घाईने म्हणाली, "रबर खराब निघालं म्हणून. इसरू सुटतेच. तुमचं नाव घ्याची गरज नाई. तुमी नाई का एकदा माह्यासाठी घेतलं होतं अंगावर? मी चाकाचा नट ढिला ठेवला होता तेव्हा?"

"तेव्हा कोणी बदनाम झालं नव्हतं." त्यांनी मान हलवली. "अन् तुले पुरं माहीत नाई अजून."

"काय?" नंदिनीने विचारलं.

"हवा काढून झाली तेव्हा मी पेडल दाबलं. थांबलो. पुन्हा दाबलं. नरम होतं." ते आपल्या उजव्या पायाकडे पाहत होते, किंवा तो जिथे असेल तिकडे. "माह्या पायाले कळलं होतं, नंदिनी. पन्नास वर्षांचा पाय आहे. कळल्यावर उतरून चाक पाहाचं असते. पण मी पाह्यलं असतं तं काय दिसलं असतं मले? अन् त्या पोट्ट्यासमोर चाचपलं असतं तं त्याले समजलं असतं. म्हून म्हटलं, रबर नवीन आहे, दोनदा मारून घे."

बायनाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. हे तिलाही माहीत नव्हतं.

६

सभेच्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने वामनराव आणि बायनाबाई अहेरीला आले आणि तिथून लालसूने धाडलेल्या गाडीने हिरकोटोल्याला. सभा व्हायच्या आधी जीप दुरुस्त झाली पाहिजे, असा वामनरावांचा हट्ट होता.

नंदिनीने पाने काढले. बायनाबाईने तिच्या हातातून पाना घेतला. "मीच बसवीन. माह्या हातानं उलटं झालं."

"डावा कोणता, काकू?"

"सीटवर बसून पाह्यला तं थो," ती म्हणाली आणि पहिल्यांदा थोडं हसली.

ती कॅलिपर चढवताना गावच्या बाया कडेने जमल्या. सुकरीसुद्धा आली. कॅलिपर बसला, पाइप सरळ आला, कशाने बांधायची गरज उरली नाही. बायनाबाईने निप्पलवर बोट ठेवून पाहिलं. वर. दुसरीकडेही वर. मग नंदिनी सीटवर बसली. "दाबून धर," बायनाबाई खालून म्हणे आणि निप्पल सैल करी. छोट्या नळीतून बाटलीत बुडबुडे येत. आधी मोठे, मग मोहरीएवढे, मग नुसतं ऑइल. निप्पल बंद. पुन्हा दाब, पुन्हा सैल. दोन्ही चाकं झाल्यावर नंदिनी उतरली आणि वामनरावांना हात धरून सीटवर बसवलं.

त्यांनी पाय ठेवला. एकदा दाबला. थांबले. बराच वेळ थांबले. पुन्हा एकदाच दाबला.

"हा ब्रेक आहे," ते म्हणाले.

सभेत आधी कोलू उठला आणि वाखाबद्दल जे पाहिलं होतं ते सांगितलं. मग वामनराव उठले. लोक कुठल्या बाजूला आहेत ते त्यांना नीट कळत नव्हतं, म्हणून ते जरा तिरके उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. डोळे, डावा-उजवा, आणि शेवटी पायाला कळलं होतं ते. बायनाबाईचं नाव त्यांनी एकदाच घेतलं, हात चांगला आहे म्हणून.

लालसूने इसरूला विचारलं, "तुले काय म्हणाचं आहे?"

इसरू उठून उभा राहिला. चार दिवस त्याने लोकांच्या नजरा झेलल्या होत्या. "तुमच्या पायाले कळलं होतं तं मले सांगाचं होतं, वामनभाऊ," तो म्हणाला. "मी हळू आलो असतो."

"हो," वामनराव म्हणाले. "सांगाचं होतं."

तेवढ्यात सुकरीने मागून आवाज दिला. "उद्या मले अहेरीले तपासणीले जाचं आहे. कोण नेते?"

लालसूने चावी काढली. ती कोलूच्या बाजूने इसरूकडे गेली. कोलूने ती क्षणभर हातात धरली आणि पुढे दिली. "खालून पुसत जा गा," तो म्हणाला.

"उद्या सुकरीले नेतो," इसरू म्हणाला. मग वामनरावांकडे वळला. त्याच्या आवाजात अजून राग होता आणि तो त्याने लपवला नाही. "परवा मी मोकळा आहो. परवा तुमाले नेतो चंद्रपूरले, डोळ्याच्या डाक्टरकडे. अन् तुमी नाई म्हणाचं नाई."

वामनराव नाही म्हणाले नाहीत.

महिनाभराने नंदिनी पोंभुर्ण्याला गेली तेव्हा पट्टी निघून चार दिवस झाले होते. बायनाबाई एका टेम्पोच्या चाकाशी बसून नट आवळत होती. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर काळा डाग, पाना दोन्ही हातांनी धरलेला, कोपर गुडघ्याला टेकवलेलं. वामनराव समोर स्टुलावर होते. काळा चष्मा त्यांनी कपाळावर चढवला होता, जे डॉक्टरांनी करू नका म्हणून सांगितलं होतं. नंदिनी आली हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"असा धरते होय पाना?" ते बायनाबाईला म्हणाले.

"काऊन, चुकला का?" ती नट आवळत म्हणाली. "तुमीच तं शिकवलं."

"मी नुसतं सांगतलं होतं," वामनराव म्हणाले. "पाह्यलं आजच."

बायनाबाईचे कान लाल झाले. तिने तोंड चाकाकडे वळवलं आणि आधीच आवळलेला नट आणखी एकदा आवळला.